मिरजेचा नाद

भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात एक कडू भोपळा पिकतो. तो कुणी खात नाही. वेल वाळला तरी त्याला रानातच पडू देतात. उन्हाने साल टणक झाली की तो मिरजेला येतो. तिथल्या सतारमेकर गल्लीत दुकानांच्या आढ्याला असे भोपळे ओळीने टांगलेले दिसतात. कारागीर त्यातला एक खाली घेतो, पोटावर टिचकी मारतो, कानाशी नेतो आणि परत टांगतो. मग दुसरा घेतो. मर्दानी तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेर हवा, जनानीला त्याहून कमी, सतारीला आणखी लहान. घेर टेपने मोजता येतो. साल किती जाड आहे आणि सगळीकडे सारखी आहे का, ते मात्र टिचकीवरच कळते.

या गल्लीतून थोडे चालत गेले की सूफी संत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा लागतो. गल्लीत वाद्य बनते, दर्ग्यात ते वाजते. मधल्या रस्त्यावर भाजीवाले, रिक्षा आणि दवाखान्यांच्या पाट्या आहेत. मिरज हे दवाखान्यांचेही गाव आहे, रेल्वे जंक्शनचेही. पण या लेखाचा विषय त्या गल्लीचा आणि दर्ग्याचा संबंध हा आहे.

आज कुणाच्याही मोबाइलवर सतार आणि ‘सूफी’ हे दोन शब्द टाकले, की तासन्‌तास चालणारे संथ संगीत समोर येते. खाली एक लांबवलेला, न तुटणारा सूर, त्यावर मधूनच सतारीची एखादी मींड, कुठे बासरी, कुठे दूरवरचा आलाप. लोक ते ध्यानाला लावतात, योगासनांना लावतात, झोप येत नसली की लावतात. इंग्रजीत त्याला अँबियंट म्हणतात, आणि तो शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. बहुतेकांची समजूत अशी, की हा पश्चिमेतून आलेला, संगणकावर जुळवलेला प्रकार आहे आणि त्यात सतार चवीपुरती घातलेली आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. या संगीताचा पाया म्हणजे तो खालचा अखंड सूर. त्याची एक मोठी वाट किराणा घराण्याच्या तंबोऱ्यातून गेली आहे. किराण्याचा तंबोरा म्हटले की मिरज आलेच, आणि मिरज म्हटले की दर्गा आला.

सतारमेकर हे आडनाव धंद्यावरून पडले. ही मूळची शिकलगार मंडळी. तलवारी, भाले, कट्यारी घडवणे आणि त्यांना धार लावणे हे त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, संस्थाने मांडलिक झाली, शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही. मिरजेत फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ यांनी १८५०च्या सुमारास तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली असे त्यांचे वंशज सांगतात. सुरुवात म्हणे दुरुस्तीपासून झाली. संस्थानात गायला आलेल्या एका गवयाचा तंबोरा बिघडला आणि तो नीट करायला शिकलगारांकडे आला. हत्यार घासणाऱ्या हाताला पृष्ठभागाची जाण असतेच. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन होते, त्यांच्याकडे गवयांची ये-जा होती. त्यामुळे दुरुस्तीला पहिल्या दिवसापासून ऐकणारे आणि चुका दाखवणारे मोठे कान मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, आणि त्यांच्याकडे शिकायला कुरुंदवाडहून आलेला विष्णू दिगंबर पलुसकर हा मुलगा पुढे देशभर गाण्याच्या शाळा काढणार होता. अशा गावात वाईट तंबोरा खपणे कठीणच होते.

वाद्य कसे बनते ते पाहायला गल्लीत एक दुपार बसावे. वाळलेला भोपळा देठाकडून कापतात, आतला गर आणि बिया काढतात, पाण्यात भिजत घालतात. तो मऊ झाला की आत काटक्यांचे टेकू देऊन त्याला हवा तो आकार देतात आणि पुन्हा वाळवतात. तुणीच्या लाकडाची दांडी पोखरून पोकळ करायची, सरसाने गळ्याला जोडायची, वर तबली बसवायची. तबली मध्ये किंचित फुगीर हवी, कडेला पातळ. किती पातळ, याला माप नाही. कारागीर दर थोड्या वेळाने रंधा खाली ठेवतो आणि अंगठ्याने दाबून बघतो. मग कोरीव काम, लाखेचे पॉलिश, खुंट्या. पूर्वी नक्षीला हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी ते बंद झाले, आता प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसते. सतारीचे काम आणखी वाढते: वाकवलेले पितळी पडदे एकोणीस-वीस, वरच्या तारा सहा-सात आणि पडद्यांखालून जाणाऱ्या अकरा ते तेरा तरफा. तरफांना कुणी हात लावत नाही. वरची तार योग्य सुरात लागली की त्या आपोआप घुमतात.

हे सगळे झाले तरी वाद्य मुकेच असते. ते बोलते जवारी लागल्यावर.

तबलीवरच्या रुंद घोडीवरून तार जाते, तो घोडीचा माथा वरून सपाट दिसतो. खरे तर त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर किंचित टेकते, सुटते, पुन्हा टेकते. या टेकण्या-सुटण्यातून मूळ सुरातले वरचे सूर एकामागून एक उमटू लागतात. हीच जवारी. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की नाद उघडतो किंवा मिटतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात चार तारा असतात: पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि खर्ज. गांधाराची तार त्यात नाही. तरी खर्जाच्या तारेतून गांधार स्वच्छ ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात आणि तो ऐकू येईपर्यंत गाणे सुरू करत नाहीत.

हे भौतिकशास्त्राला कसे दिसते, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला. नोबेल अजून दूर होते. १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या त्यांच्या निबंधात त्यांनी दाखवले, की तंबोरा आणि वीणा एक प्रस्थापित नियम मोडतात. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वराची हालचाल शून्य असते तो उपस्वर उमटता कामा नये, असा तो नियम. तंबोऱ्यात तो उमटतो, आणि जोरकस उमटतो. कारण घोडीचा तो उतार. रामन यांनी जे मोजले, ते मिरजेत कानस आणि कान यांच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. जवारी काढणारा माणूस तार बाजूला सारतो, घोडीवर दोन हात मारतो, तार परत चढवतो, ऐकतो. पुन्हा सारतो. एका वाद्याला कधी तास लागतो, कधी दिवस जातो. एक हात जास्त मारला गेला तर सगळे पहिल्यापासून. वयस्क कारागिरांचे बोलणे या जागेवर आले की थांबते, कारण हे सांगून शिकवता येत नाही. जवळ बसून ऐकत राहावे लागते, आणि जवळ बसायला आता कुणी येत नाही. त्या मुद्द्याकडे मी नंतर येतो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्याबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. जन्म १८७२चा, उत्तरेत कैराना गावी. बडोदा दरबारात गायले, तिथून ताराबाई माने यांच्यासह बाहेर पडले, मुंबई-पुणे-मिरज असे फिरले, १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुले. हिराबाईंचा जन्म मिरजेतला. खाँसाहेब मिरजेला स्थिरावले ते दर्ग्यापायी. प्लेगच्या दिवसांत ते आजारी पडले आणि मीरासाहेबांच्या दारी येऊन बरे झाले, अशी आख्यायिका गावात आजही श्रद्धेने सांगतात. आख्यायिकेचे काय ते असो, पुढे ते दर्ग्यात येऊन झाडाखाली बसत आणि गात, ही गोष्ट खरी आहे.

त्यांच्या गाण्याकडे मी या लेखापुरता एकाच बाजूने पाहतो: ते तंबोऱ्याचे गाणे होते. भैरवी किंवा झिंझोटीतल्या त्यांच्या जुन्या तबकड्या ऐका. तीन-साडेतीन मिनिटांत सगळे आटपायचे, तरी घाई कुठेच नाही. आवाज तंबोऱ्याच्या नादातून वर येतो आणि त्यातच परत मिसळतो. स्वर कुठे संपला आणि तारेची झणकार कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. हे सहज आलेले नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सातारा भागात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स हे दोघे श्रुतींचे गणित मांडत होते. त्यांना प्रत्यक्ष गळ्यातून श्रुती दाखवणारा माणूस हवा होता. तो खाँसाहेबांच्या रूपाने मिळाला. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हे प्रात्यक्षिक झाले आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ते पटले नाही. तो वाद मोठा आहे आणि इथे त्यात शिरत नाही. एवढेच पाहावे, की स्वराच्या बारकाव्यासाठी इतका जीव टाकणारा गवई आणि तो बारकावा लाकडात उतरवू शकणारे कारागीर एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते. गवयाने अडवले आणि कारागिराने सुधारले, असे वर्षानुवर्षे चालले. मिरजेचा तंबोरा देशभर नावाजला जातो तो यामुळे, असे माझे ठाम मत आहे. गल्लीतल्या लोकांचेही तेच म्हणणे पडते.

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब वाटेत सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. छातीत दुखत होते. फलाटावर अंथरूण घातले, नमाज पढले, तंबोरा जुळवून घेतला, थोडे गायले आणि गेले. मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे.

दर्ग्याचा उरूस हिजरी पंचांगाने येतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी मागे सरकते. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून येतो, ही मिरजेची जुनी रीत. त्याच दिवसांत खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, हिराबाई इथे गायले आहेत. किराण्याचा म्हणवणारा गवई इथे एकदा तरी हजेरी लावतोच. मोठ्या महोत्सवांसारखी रोषणाई इथे नाही, सोफे नाहीत, बिल्ले नाहीत. लोक सतरंजीवर बसतात. कुणी फुलांची चादर घेऊन मजारीकडे निघालेला असतो, तो येता-जाता घटकाभर टेकतो. लहान मूल मांडीवर झोपलेले असते. ऊद जळत असतो. दूर फेरीवाल्यांचा आवाज असतो. आणि तंबोरे लागलेले असतात. रात्र चढत जाते तसा बाजार शांत होतो आणि तंबोऱ्यांचा नाद आवारभर पसरलेला जाणवू लागतो. तो आधीपासून तिथे होताच.

सूफींच्या भाषेत ऐकण्याच्या या साधनेला समा म्हणतात. गाण्याला धर्मात जागा आहे की नाही यावर मुसलमान विद्वानांत शतकानुशतके वाद झाला. चिश्ती या सूफी परंपरेने समाच्या बाजूने कौल दिला आणि त्यासाठी टीका सोसली. पण ऐकण्यावर त्यांनी अटीही घातल्या. जुन्या सूफी ग्रंथांत तीन अटी येतात: योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबत. भुकेल्या, व्यवधानी, दिखाऊ माणसाने समाला बसू नये. ऐकणे हे काम आहे, आणि ते कष्टाचे आहे, ही त्यामागची समजूत.

दख्खनला ही समजूत फार आधी आली. दिल्लीचे चिश्ती संत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दौलताबादेस आले आणि १३३७ साली वारले. खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. त्यांना समाचे इतके वेड होते, की त्यांच्या अनुयायांच्या भावावस्थेतील नाचाला बुऱ्हानी असे नावच पडले. गुलबर्ग्याला बंदेनवाज गेसूदराज येऊन राहिले. पुढे दोन शतकांनी विजापूरच्या गादीवर आलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा हा गेसूदराजांचा भक्त, सरस्वतीचाही भक्त आणि स्वतः वादक. त्याच्या तंबुऱ्याला त्याने मोतीखाँ असे नाव ठेवले होते आणि त्याच्यावर कविता रचल्या होत्या. मिरज तेव्हा त्याच्याच राज्यात होती. एका बादशहाने तंबुऱ्याला माणसासारखे नाव द्यावे, त्याला दरबारात मान द्यावा, आणि सुमारे अडीचशे वर्षांनी त्याच मुलखात तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली वसावी, यात सरळ कार्यकारण मी दाखवू शकत नाही. मातीचा कस म्हणतात तो असा असतो, एवढे मात्र मी मानतो.

सतार अमीर खुसरोने शोधली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. खुसरो (१२५३–१३२५) हा निजामुद्दीनांचा लाडका शिष्य, त्यामुळे सतारीला आपोआप सूफी जन्मदाखला मिळतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. खुसरोच्या स्वतःच्या लिखाणात सतार नाही. ती दिसू लागते अठराव्या शतकातल्या दिल्लीत, आणि संशोधक तिचे श्रेय त्या काळच्या खुसरो खाँ नावाच्या वादकाकडे देतात. नावाच्या साम्याने घोळ झाला. निजाम आसफजाहबरोबर दख्खनहून दिल्लीला गेलेला सरदार दरगाह कुली खाँ याने १७३८ ते १७४१ या काळातल्या दिल्लीचे जे वर्णन लिहिले, त्यात गवई, वादक, कव्वाल आणि दर्ग्यांवरच्या मैफली पानोपानी भेटतात. तेव्हा सतारीचा जन्म भले एखाद्या संताच्या हातून झाला नसेल, पण ती वाढली ती दर्गा आणि दरबार यांच्यामध्येच. आपल्याकडे ती आली ती बीनकारांच्या मागोमाग. किराण्याचे थोर बीनकार बंदे अली खाँ यांचे अखेरचे दिवस पुण्यात गेले. त्यांचे शिष्य रहिमत खाँ धारवाडला राहिले, त्यांनी सतारीवर खर्जाच्या तारा वाढवून बीनेचा गंभीर आलाप तिच्यावर आणला. त्यांच्या घरातले उस्मान खाँ यांनी पुण्यात अनेक पिढ्यांना तीच सतार शिकवली. वाजवायची घाई नसलेली, श्वासाने चालणारी ही सतार. मोबाइलवरच्या सूफी सतारीला हीच आठवण पुसटशी असते.

आता परदेशाकडे वळतो, कारण तिथला धागाही याच गुंत्यातला आहे.

बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा सुरू झाली. ती काढणारे मौलाबक्ष. त्यांचा नातू इनायत खाँ, जन्म १८८२. वीणा वाजवायचा, गायचा. हैदराबादेत चिश्ती गुरू भेटले. १९१० साली तो मुंबईहून बोटीने अमेरिकेला निघाला. सोबत वाद्ये आणि भाऊबंद. सुरुवातीला त्याला नृत्याच्या कार्यक्रमांत साथ करावी लागली, लोक त्याच्या संगीताकडे पौर्वात्य नवलाई म्हणून पाहत. मग त्याची व्याख्याने सुरू झाली. १९१४ साली लंडनमध्ये त्याने सूफी संघटना स्थापन केली. नाद हेच विश्वाचे मूळ आहे, आणि माणसाच्या आरोग्यापासून मोक्षापर्यंत सगळे नादाशी जोडलेले आहे, हे त्याने पश्चिमेला तिच्या भाषेत सांगितले. पुढे त्याने वीणाही बाजूला ठेवली. १९२७ साली दिल्लीत तो वारला, निजामुद्दीनच्या दर्ग्याजवळ त्याची मजार आहे. आज युरोप-अमेरिकेत संगीतातून ध्यान, नादातून उपचार म्हणून जे काही चालते, त्याच्या शब्दांची नाळ या बडोद्याच्या वीणावादकापर्यंत जाते.

शब्द इनायत खाँचे, तर नाद किराण्याचा. अब्दुल करीम खाँ यांच्या नात्यातले अब्दुल वहीद खाँ हे किराण्याचा दुसरा खांब. त्यांचा एक शिष्य लाहोरकडचा प्राणनाथ. घर सोडून गुरूकडे राहिला, पुढे डेहराडूनजवळ टपकेश्वरच्या गुहेत अंगाला राख फासून नागा साधूंमध्ये वर्षे काढली. दिल्ली विद्यापीठात शिकवू लागला, आणि १९७० साली न्यूयॉर्कला पोहोचला. तिथे ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे दोन अमेरिकी संगीतकार त्याचे शिष्य झाले. यंग आधीपासूनच दीर्घ, स्थिर सुरांवर काम करत होता. प्राणनाथांनी त्याला तंबोरा जुळवायला बसवले. नुसता तंबोरा. बदलत न जाणाऱ्या सुरात किती हालचाल असते हे त्या बैठकीत त्या मंडळींना उमगले. या वर्तुळातून जॉन हॅसल आला, त्याने प्राणनाथांची मींड तुतारीसारख्या वाद्यावर, ट्रम्पेटवर चढवली. १९७८ साली ब्रायन ईनो याने विमानतळासाठी संगीत अशा नावाची तबकडी काढून अँबियंट हे नाव रूढ केले. ईनोने यंगचे ऋण उघडपणे मान्य केले आहे, आणि १९८० साली हॅसलबरोबर त्याने एक तबकडीही केली.

जर्मनीत याच सुमारास दुसरी वाट फुटली. पोपोल वू या समूहाच्या १९७२च्या एका ध्वनिमुद्रणात तंबोरा ऐकू येतो. बव्हेरियाचा आलोइस ग्रोमर हा विलायत खाँ यांचे धाकटे बंधू इमरत खाँ यांच्याकडे सतार शिकला, गंडा बांधून घेतला आणि अल ग्रोमर खान झाला. सतार, सूफी भाव आणि संगणकी नादपटल यांचे मिश्रण त्याने वर्षानुवर्षे केले. १९९५ साली धृपद गाणाऱ्या अमेलिया कुनी हिच्याबरोबर केलेले त्याचे काम मला आवडते. त्यात सतार थोडे बोलते आणि पुष्कळ थांबते. इमरत खाँ यांच्या सुरबहारातला संयम त्याने खरोखर ऐकला होता, हे कळते.

पण या प्रकारातले बहुतेक संगीत इतके प्रामाणिक नाही. खालचा सूर यंत्राचा असतो, आणि यंत्राचा सूर मेलेला असतो. तंबोऱ्याची तार प्रत्येक वेळी थोडी वेगळी वाजते, बोट कुठे लागले, हवा किती दमट आहे, धागा किती झिजला आहे, यावर तिचा नाद बदलतो. त्या बदलाने कान जागा राहतो. यंत्रात तो बदल नसल्याने कान काही वेळात ऐकणे सोडून देतो आणि आपल्याला वाटते मन शांत झाले. मन पेंगलेले असते. शिवाय यंत्राचा गांधार पियानोच्या पट्टीतला असतो, तो स्वयंभू गांधारापेक्षा चढा. त्यावर सतारीची मींड ठेवली की दोघांचे जमत नाही, आणि मग ते लपवायला प्रतिध्वनी वाढवतात. ईनोने आपल्या संगीताची कल्पना मांडताना म्हटले होते, की लक्ष दिले तरी चालेल आणि न दिले तरी चालेल असे ते असावे. विमानतळापुरते ते योग्यच आहे. सूफी हे नाव लावले, की मात्र लक्ष न देण्याची मुभा संपते. समा म्हणजे लक्ष. वेळ, जागा, सोबत या तीन अटींपैकी एकही न पाळता झोपेसाठी लावलेले संगीत चांगले असू शकते, उपयोगी असू शकते, मला त्याचा राग नाही. त्याला सूफी म्हणू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

गल्लीत याचे पडसाद कसे उमटतात? १९७०-८०च्या दशकात बंगळुरूहून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. प्रवासात तंबोरा फुटतो, शिष्य मिळत नाही, भाड्याच्या खोलीत जागा नसते. गवयांची अडचण खरी होती, म्हणून ती पेटी घरोघर गेली. मग मोबाइलमध्ये तंबोरा आला, बहुधा फुकट. नवशिक्या विद्यार्थ्यासाठी तंबोरा घेणारे आईबाप जवळजवळ संपले. सतारीला परदेशातून मागणी आहे, महोत्सवांतून मोठे कलावंत तंबोरे घेतात, पण घरोघरचे गिऱ्हाईक गेले ते गेलेच. लाकूड महाग झाले. चांगला भोपळा मिळणे शेतकऱ्याच्या मर्जीवर आणि भीमेच्या पाण्यावर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नक्कल करणाऱ्यांना चाप बसेल, परदेशात नाव जाईल. गल्लीत त्याचा आनंद आहे आणि तो योग्य आहे.

मानांकनाने जवारी काढणारा तयार होत नाही. भोपळा कापणे, रंधा मारणे, पॉलिश करणे ही कामे मुलगा दोन-तीन वर्षांत शिकतो. जवारीचा कान यायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, आणि तोवर त्याला पोटापुरतेही मिळत नाही. सतारमेकरांची मुले इंजिनिअर होतात, बँकेत जातात. त्यांना दोष कुणी द्यावा? गल्लीतले वडीलधारेही देत नाहीत. बिदागी लाखांत घेणाऱ्या कलावंतांच्या मैफली ज्या जवारीवर उभ्या राहतात, ती काढणाऱ्याला महिन्याकाठी शिपायाएवढाही पगार सुटत नाही. हे आपल्या संगीतसंस्थांना दिसत नाही असे नाही. दिसते, आणि त्या पुढे जातात. वाद्य घडवणे हे कलेच्या खालचे काम आहे, ही आपली जुनी सवय त्यामागे आहे. गवयाला बुवा, पंडित, उस्ताद म्हणायचे आणि त्याचा तंबोरा बनवणाऱ्याला मिस्त्री.

यावर उपाय फार अवघड नाहीत. महाराष्ट्रातल्या संगीत महाविद्यालयांनी आपल्या वर्गातले तंबोरे दरवर्षी मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून घ्यावेत आणि त्याचे रीतसर पैसे द्यावेत, एवढ्यानेही गल्लीला बारमाही काम मिळेल. शासन गुरू-शिष्य परंपरेसाठी गायन-वादनाला शिष्यवृत्त्या देते. तशीच शिष्यवृत्ती जवारी शिकणाऱ्या मुलामुलींनाही द्यावी. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण या धंद्यात त्या फार थोड्या आहेत आणि कानाला स्त्री-पुरुष भेद नसतो. संगीत सभांच्या पत्रिकेवर तबलजी आणि हार्मोनियमवाल्याचे नाव असते, तसे तंबोरा कुणी बनवला त्याचे नावही छापावे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आत्याचा एखादा तंबोरा किंवा सतार गवसणीत गुंडाळून कपाटावर ठेवलेली असेल. तारा गंजल्या असतील, घोडी सरकली असेल. ती शोभेला म्हणून विकू नका. मिरजेला घेऊन जा आणि जवारी काढून घ्या. जाण्याचा दिवस उरुसाचा धरला, तर त्याच रात्री दर्ग्यात संगीत सभाही ऐकता येईल. तिथे तिकीट नसते.